गुडाखूची डबी

सत्यशीलाबाई माझ्या दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या तोंडात पाच दात होते आणि वय होतं सेहेचाळीस. पाचही हलत होते. जिभेनं एकेक ढकलून दाखवत ती म्हणाली, "पाह्य देवीलालभाऊ, गाव उठून गेलं, आता हे पाच पंच राह्यले." मग स्वतःच हसली. मीही हसलो आणि ठणक थांबायच्या दोन गोळ्या दिल्या. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माणसानं तेव्हा हसायला नको होतं, पण त्या वेळी मला त्यात आजार दिसलाच नाही. आमच्या गावात चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या तोंडात दात नसणं म्हणजे डोक्यावर पांढरे केस असण्यासारखं होतं. माझ्या याडीचे, म्हणजे आईचेही, असेच गेले होते.

आमचं गाव आर्णी तालुक्यातलं. रस्त्याच्या एका अंगाला आमचा बंजाऱ्यांचा तांडा, दुसऱ्या अंगाला बौद्धपुरा आणि एसटीच्या थांब्यासमोर माझं दुकान. सत्यशीलाबाई बौद्धपुऱ्यातली. नवरा उकंडा लवकर गेला. मुलगा धम्मदीप आर्णीला गॅरेजात लागला, आणि धाकटी दीपा आईजवळ राहिली. बाई कापूस वेचणीच्या टोळीची मुकादम होती. दसरा झाला की वीस-बावीस बाया गोळा करून ती उजाडता उजाडता निघायची, ती महाशिवरात्रीपर्यंत. उंच, काळीसावळी, आवाज असा की दोन शेतं पलीकडची बाईसुद्धा वळून पाहायची. कोणत्या बाईचा हात चालत नाही, कोणाचं लेकरू तापानं फणफणलंय, हे तिला न सांगता कळायचं.

वेचणीची मजुरी किलोवर. जेवढा कापूस ओटीत पडेल तेवढी मजुरी, म्हणून दुपारी भाकर खायला बसणं बायांच्या जिवावर यायचं. त्यावर टोळीचा इलाज होता गुडाखू. तंबाखू आणि गुळाची काळी लुगदी, पत्र्याच्या लहान डबीत. भूक उठली की बोट पुढं करायचं, मुकादमीण त्यावर वाटाण्याएवढी लुगदी लावणार, ती हिरड्यांवर घासायची की तास-दीड तास पोट गप्प. डबी सांभाळणं मुकादमिणीचं काम. सत्यशीलाबाईला बाराव्या वर्षी तिच्या आईनं गुडाखू लावली होती.

त्या टोळीत तांड्यातल्या बायाही असत. माझी याडी, मानीबाई, त्यातच होती. सुरुवातीच्या वर्षांत तांड्याच्या बाया बौद्धपुऱ्याच्या घागरीतलं पाणी पीत नसत. दोन घागरी दोन झाडांखाली राहायच्या. पण डबी एकच. लुगदी संपत आली की बाया स्वतःच बोट आत घालायच्या, तोंडातून काढायच्या आणि पुन्हा घालायच्या. पाण्याला जात होती, गुडाखूला नव्हती. हे मी याडीला एकदा बोलून दाखवलं, तर ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग ती वर्षं आली. कापसाला भाव नाही, बोंडात अळी, पानं लाल पडून झाड उभ्या उभ्या वाळायचं. गावोगाव मरणं मोजायला माणसं येऊ लागली. गाडीतून उतरायचे, माझ्या दुकानासमोर उभे राहून विचारायचे, कोण गेलं, सातबारा कोणाच्या नावावर होता. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचं मरण त्यांच्या कागदात बसत नव्हतं. मला त्यांचा राग यायचा. आता वाटतं, मीही तसाच होतो. समोर चालत येणारं दुखणं मला दिसत नव्हतं.

दीपा जन्मली तीच चिमणीएवढी. आईच्या अंगावर दूध पुरेना. मग सत्यशीलाबाई भाकर चावून, तिचा मऊ लगदा करून पोरीच्या तोंडात घालायची. तशी आमच्याकडची रीतच होती, मलाही याडीनं तसंच वाढवलं. दीपा जगली. नऊ वर्षांची असताना तिचा घसा धरला, मागून गुडघे-कोपरे सुजले. सूज उतरली आणि सगळे विसरले. ते दुखणं तिच्या काळजाच्या झडपेला डागणी देऊन गेलंय, हे कळायला बारा वर्षं गेली. दोन हजार पाच साली, एकविसाव्या वर्षी, तिला हापशीवरून घर गाठता येईना. दोनदा रस्त्यात बसली. नागपूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात तपासलं तेव्हा कळलं, झडप बदलावी लागेल. ऑपरेशन फुकट होणार होतं. जानेवारीची वीस तारीख मिळाली, आणि बजावून सांगितलं की ही चुकली तर पुढची वर्षभरानं. पोरगी वर्षभर काढेल असं सांगायला कोणी तयार नव्हतं.

फाइलसोबत एक छापील कागद होता. बाई तो घेऊन माझ्याकडे आली. मी वाचून सांगितलं की दातांच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं, तोंडात कुठं पू किंवा सूज नाही असं.

"म्हंजे?" बाई म्हणाली. "काळीज बिघडलं तं दात कायले पाह्यतेत?"

"नियम आहे, बाई."

"रोग रेड्याले आन औषध पखालीले." तिनं कागदाची घडी केली. "टाळून राह्यले भाऊ थे. गरिबाचं फुकट करा लागते म्हून."

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं.

डिसेंबरात आम्ही तिघं आर्णीला डॉ. उज्ज्वला यांच्याकडे गेलो. तिशीच्या आतली, स्पष्ट बोलणारी बाई. तिनं दीपाला खुर्चीत घेतलं आणि एक बारीक, खुणा केलेली सळई पुढच्या खालच्या दाताजवळ हिरडीत घातली. मला वाटलं टेकेल. ती आत जातच राहिली. काढली तेव्हा टोकाला रक्त होतं आणि मागून पिवळा पू आला. त्याचा वास खोलीभर झाला. दीपानं डोळे मिटून घेतले.

"हे किती दिवसांपासून?"

"ब्रश लावला की रक्त येते," दीपा म्हणाली. "म्हून लावनं सोडलं."

"सगळे हेच करतात," डॉक्टर म्हणाली आणि हातमोजे काढून माझ्याकडे पाहून बोलू लागली, कारण बाकी दोघी तिच्याकडे पाहत नव्हत्या. दातावर रोज एक चिकट थर चढतो, त्यात डोळ्याला न दिसणारे असंख्य जंतू असतात. घासून काढला तर जातो. राहू दिला तर त्याचा दगड होतो, आणि दगडाखाली, जिथं हवा पोचत नाही तिथं वेगळ्याच जातीचे जंतू वाढतात. ते मरावेत म्हणून शरीर तिथं रक्त धाडतं, म्हणून हिरडी सुजते, रक्त येतं. ती लढाई वर्षानुवर्षं चालली की दाताखालचं हाड झिजतं. "नाल्याच्या काठचं झाड पाहिलंय ना? झाड चांगलं असतं, खालची माती वाहून जाते. तसं आहे हे. तंबाखू, गुडाखू लावली की रक्त दिसेनासं होतं, माणसाला वाटतं बरं झालं. आत काम चालूच असतं."

"आणि काळजाचं?" मी विचारलं.

"घास चावला तरी हे जंतू रक्तात उतरतात. धडधाकट काळजात ते टिकत नाहीत. नव्या झडपेवर ते घर करतील." ती सत्यशीलाबाईकडे वळली, बोलता बोलता तिच्या तोंडाकडे पाहिलं. "आई, एका घरात बहुधा एकच जंतू फिरत असतात. चावलेला घास, उष्टं बोट, डबी. तुमचंही तोंड दाखवा मला."

बाई टेबलावरच्या पकडीकडे पाहत होती. तिनं ऐकलं असं वाटलं नाही.

डॉक्टरचं म्हणणं, खालचे पुढचे चार दात काढावेच लागतील, बाकीच्या तोंडाची सफाई तीन खेपांत, आठ-आठ दिवसांनी. सगळं नीट झालं तर तारखेआधी प्रमाणपत्र देईन. तीही पैसे घेणार नव्हती. अडचण पैशाची नव्हतीच.

पुसदकडचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा विक्की, काळीपिवळी जीप चालवायचा. त्यांना छातीचं सांगितलेलं होतं, ऑपरेशननं बरी होते म्हटल्यावर ते थांबायला तयार होते. अशा पोरीसाठी थांबणारं घर पुन्हा मिळणार नाही, हे बाईला पक्कं ठाऊक होतं.

"छातीवरचा चिरा पोलक्याखाली झाकता येते," एसटीत बसल्यावर ती म्हणाली. "तोंडाले काय पदर शिवू? एकवीस वर्साची पोरगी, समोरचे चार दात नाहीत. कोन नेईन तिले?"

"आई, काढू दे ना," दीपा म्हणाली. ती खिडकीला टेकून होती, थांब्यापर्यंत चालल्याची धाप अजून उतरली नव्हती. "मले हापशीवर जाता येत नाही. मी दात घेऊन काय करू?"

"बोळकं घेऊन नांदायले जाशीन? मी जातो का कुठं तोंड घेऊन? माहं झालं थे झालं."

मधे बोलायची ती वेळ होती, आणि मी तिकीट चाळत बसलो. लोकांच्या पोरीच्या लग्नात आपण कशाला पडा, असा विचार मी केला. शहाणपण म्हणतात ते हेच असावं.

पुढच्या बाजारात बाईनं पोरीला दातवाल्यापुढं बसवलं. बाजाराच्या कडेला तो सतरंजी अंथरून बसायचा, काचेच्या पेटीत कवळ्या मांडून. त्यानं ते चार हलते दात बारीक तारेनं शेजारच्या घट्ट दातांना बांधले आणि मागून पांढरा मसाला थापून दिला. पाऊण तासात दात पक्के. पू आला होता तो मसाल्याखाली गेला. बाई खूश होऊन दुकानात आली, दीपाला म्हणाली, "दाखव भाऊले." दीपानं ओठ मागे घेतले. दात खरंच हलत नव्हते. डॉक्टरच्या सळईची मला आठवण झाली. आणि तरीही मीच म्हणालो, "जानेवारीत शिबिर आहे दातांच्या तपासणीचं. तिथला शिक्का चालतो."

शिबिराला आठ दिवस राहिले होते. सत्यशीलाबाईनं तेवढे दिवस रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या हातानं दीपाच्या हिरड्यांवर गुडाखू घासली, वरून तुरटीच्या गुळण्या. पोरीला चक्कर यायची, उलटी व्हायची. पण रक्त थांबलं. हिरडी फिकी, घट्ट दिसू लागली. शिबिरात दोनशे माणसं रांगेत होती आणि तपासणारा एकटा. त्यानं बॅटरी मारली, बोटानं दात दाबले, "हे बांधलेत वाटतं?" असं विचारलं आणि शिक्का मारला. नागपूरला तो कागद फाइलला लागला. ज्याला त्याला आपापलं काम झालं असं वाटलं आणि सगळे मोकळे झाले.

ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. हे सांगायलाच हवं, कारण पुढचे पाच महिने सत्यशीलाबाईच्या आयुष्यातले सुखाचे होते. दीपा घागर भरून आणू लागली. रात्री निजलं की छातीतली नवी झडप टिकटिक करते आणि ती आईला ऐकू जाते, म्हणून दोघी हसायच्या. विक्कीकडची माणसं येऊन गेली, कार्तिकात लग्न धरायचं ठरलं. रक्त पातळ राहायची गोळी दीपाला रोज होती, ती माझ्याकडूनच जायची. त्या गोळीनं कधी हिरड्यांतून रक्त येतं, असं दवाखान्यात सांगितलेलं. म्हणून हिरड्यांतून पुन्हा रक्त येऊ लागलं तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही. बाई पोरीला गुडाखू लावायची, रक्त थांबायचं.

जूनच्या शेवटी ताप आला. संध्याकाळी हुडहुडी, सकाळी उतरलेला. पेरणीचे दिवस, घरोघर ताप. मी तापाच्या गोळ्या दिल्या. नाही थांबला, तर जंतू मारायच्या दिल्या, तीन दिवसांच्या. थांबला. आठ दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा तीन दिवसांच्या दिल्या. असं मी चार वेळा केलं. आग लागल्यावर धूर तेवढा पुसत बसावं, तसं. पाचव्या वेळी दीपा स्वतः आली नाही, बाई आली. म्हणाली, पोरीचा उजवा हात उचलत नाही आणि बोलताना जीभ जड झाली.

नागपूरला नेलं. नव्या झडपेवर जंतूंचा गोळा जमला होता, त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला होता. दीपा अकरा दिवस जगली. शेवटचे चार दिवस ती बोलली नाही, नुसती आईचा पदर हातात धरून होती, डाव्या हातात. ऑगस्टच्या त्या आठवड्यात जिल्ह्यात किती शेतकरी गेले त्याचा आकडा पेपरात छापून आला होता. त्यात दीपा नव्हती.

दीपाच्या जलदानाचा कार्यक्रम झाल्यावर तिसऱ्या दिवशी सत्यशीलाबाई फाइल घेऊन दुकानात आली. दुकानात कोणी नव्हतं.

"वाचून दाखवा, भाऊ."

मी वाचलं. रक्ताच्या तपासणीत निघालेल्या जंतूचं लांबलचक नाव होतं, आणि खाली डॉक्टरनं हातानं लिहिलं होतं की हा तोंडात राहणारा जंतू आहे. त्याखाली आणखी एक ओळ: खालच्या दातांना तार बांधलेली, मसाल्याखाली पू. मी पहिली ओळ वाचली, दुसरी गाळली.

तिनं दोन्ही हात काउंटरवर ठेवले. मग म्हणाली, "थे आर्णीची डाक्टरीन म्हने का एका घरात एकच जंतू असतेत. घास चावून देल्ला तं जाते म्हने."

म्हणजे तिनं ऐकलं होतं. अक्षर न् अक्षर ऐकलं होतं.

"भाऊ, थे जंतू माहे होते का?"

बावीस वर्षं मी या काउंटरमागे बसलो, इतका साधा प्रश्न मला कोणी विचारला नाही. मी म्हणालो, "बाई, जंतूवर कोणाचं नाव नसतं." ते खरं होतं आणि तो शुद्ध पळपुटेपणा होता. तिच्या चावलेल्या घासानं पोरगी जगली, हे मला म्हणता आलं असतं. शिबिर मी सांगितलं, गोळ्या मी दिल्या, हेही म्हणता आलं असतं. मी फाइल बंद करून तिच्या हातात दिली.

"तुमी वाचता म्हून इचारलं," ती म्हणाली आणि गेली.

त्या दसऱ्याला टोळी निघाली, मुकादम तीच. पहिल्याच दिवशी तिनं डबी शेताच्या विहिरीत टाकली, आणि आपली आपली भाकर दुपारी बसून खा, असं बायांना सांगितलं. याडीनं मला रात्री हे सांगितलं. दुपार झाली, भूक उठली, पण झाडाखाली जाऊन बसायला कोणी तयार होईना; माप कमी भरलं असतं. मग याडीनंच कमरेची आपली डबी काढली. बायांनी बोटं पुढं केली. सत्यशीलाबाईनं ते पाहिलं आणि पुन्हा ओटी बांधून कापसाच्या ओळीला लागली.

उन्हाळ्यात मी तिच्या घरी गेलो होतो. धम्मदीपची बायको साधना माहेरून बाळंत होऊन आलेली, मुलगा आठ महिन्यांचा. साधना चुलीजवळ होती आणि नातू आजीच्या मांडीवर. बाई भात बोटांनी कुस्करत होती, पुन्हा पुन्हा, पार पीठ होईस्तोवर. नाकापासून हनुवटीपर्यंत तिनं पदर घट्ट बांधला होता, मानेमागे गाठ मारून. मला वाटलं धुरासाठी असेल.

"दिवसभर असाच ठेवतेत," साधना म्हणाली. "पोराचा मुका घेत नाहीत. मी म्हनलं, तं वरडतेत."

पोराला आजीचं तोंड पाहायचं होतं. तो दोन्ही हातांनी पदर ओढत होता, हसत होता, त्याला तो खेळ वाटत होता. त्याला खाली नुकताच पहिला दात आला होता. बाई एका हातानं त्याला घास भरवत होती आणि दुसऱ्या हातानं पदर धरून बसली होती.